जनरल रजिस्टरमधील एक ओळ : आपल्या विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयीन प्रवेशाचा एक अभ्यास

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, एका मुलाचे नाव दाखल झाले. रजिस्टरमध्ये १९१४ या क्रमांकासमोर 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद आहे. ते रजिस्टर त्या शाळेने जपून ठेवले आहे. २०१७ पासून महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा दिवस 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळला जातो, तो या एका ओळीच्या आधारावर. आपण या दिवशी बाबासाहेबांच्या विद्वत्तेविषयी बोलतो, आणि ते योग्यच आहे. परंतु इतिहासाचा विद्यार्थी म्हणून माझे लक्ष त्या ओळीकडेच जाते. शाळेच्या रजिस्टरमधील एक ओळ माणसाच्या आयुष्यात किती दूरवर पोहोचते, हे आपल्या समाजाइतके दुसऱ्या कोणाला क्वचितच ठाऊक असेल.

या लेखाचा विषय साधा आहे. आपल्या निवासी शाळेतून दहावी होऊन बाहेर पडणारा विद्यार्थी पदवीच्या वर्गात नेमका कसा पोहोचतो, आणि वाटेत कोठे अडतो? गेली अनेक वर्षे मे-जून-जुलै हे महिने मुले आणि पालक यांच्यासोबत अर्ज भरण्यात घालवल्यानंतर माझे एक मत ठाम झाले आहे. आपल्या मुलांच्या जागा परीक्षेत जातात त्यापेक्षा अधिक कागदात आणि तारखेत जातात. ज्या मुलाला ८४ टक्के गुण आहेत त्याला ८८ कसे मिळतील याची चिंता घरीदारी सगळेच करतात. त्याच्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्याची चिंता मात्र कोणी करत नाही.

आजोबांचा दाखला कशाला, असे नव्या पालकांना वाटते. त्याचे उत्तर इतिहासात आहे. अनुसूचित जातींची यादी राष्ट्रपतींच्या १० ऑगस्ट १९५० च्या आदेशाने निश्चित झाली. म्हणून आपल्याकडे जातीचा पुरावा मागताना तो या तारखेपूर्वीचा मागतात. विमुक्त व भटक्या जमातींसाठी ही तारीख २१ नोव्हेंबर १९६१ आहे आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. आज सोळा वर्षांच्या असलेल्या मुलाला १९५० पूर्वीचा पुरावा द्यायचा तर तो वडिलांच्या पिढीत मिळत नाही. आजोबांकडे, कित्येकदा पणजोबांकडे जावे लागते. आणि ज्या माणसाला शाळेच्या वर्गात बसू दिले जात नव्हते, त्याच्या नातवाकडे आजोबांचा शाळेचा दाखला मागितला जातो. यातील विसंगती कोणाच्याही लक्षात येईल. पण नियम तो आहे आणि त्याला सामोरे जायचे आहे.

येथे आपल्या धम्मबांधवांची एक वेगळीच अडचण आहे, तिच्याकडे थोडे सविस्तर पाहू. १९५० च्या आदेशात अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये शिखांचा समावेश झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला बाबासाहेबांनी आणि त्यांच्या लाखो अनुयायांनी बौद्ध धम्म स्वीकारला. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील बौद्धांची संख्या सुमारे २८ लाख भरली. दहा वर्षांपूर्वी ती काही हजारांतच होती. इतक्या माणसांनी जात सोडल्याचे जाहीर केले आणि त्याच क्षणी केंद्र शासनाच्या दृष्टीने त्यांच्या सवलती संपल्या. महाराष्ट्र राज्याने १९६० मध्ये नवबौद्धांना राज्यापुरत्या सवलती दिल्या. केंद्रात मात्र त्यासाठी १९९० सालची कायद्यातील दुरुस्ती व्हावी लागली. म्हणजे मधली चौतीस वर्षे प्रत्येक बापाला शाळेत मुलाचे नाव घालताना निर्णय घ्यावा लागत होता. कोणी ताठ मानेने 'बौद्ध' एवढेच लिहिले. कोणी मुलाच्या शिष्यवृत्तीचा विचार करून 'हिंदू महार' लिहिले. एकाच घरात थोरल्या भावाच्या दाखल्यावर एक आणि धाकट्याच्या दाखल्यावर दुसरे, असे दाखले मी पाहिले आहेत. निफाड, येवला, सिन्नर, दिंडोरी, कोणत्याही तालुक्यातील कुटुंब घ्या, ही तफावत सापडेल. त्या पित्यांपैकी कोणालाही आज दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. प्रत्येकाने त्या वेळच्या परिस्थितीत जे मुलाच्या हिताचे आणि स्वतःच्या स्वाभिमानाचे वाटले ते केले.

पण प्रवेशाच्या वेळी ही तफावत समोर येते. दाखल्यावर नुसते 'बौद्ध' असेल तर मूळ जात कोणती, याचा पुरावा वडील-आजोबांच्या नोंदीतून द्यावा लागतो. बौद्ध धर्मांतरितांना मिळणाऱ्या प्रमाणपत्राचा नमुना वेगळा आहे. अनुसूचित जातीतून बौद्ध धर्मात आल्याचा उल्लेख त्यात असतो. तेव्हा आज आपल्या शाळेत प्रवेश घेताना धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' आणि जातीच्या रकान्यात मूळ अनुसूचित जातीचे नाव, अशी दोन्ही माहिती स्पष्ट लिहावी असे मी पालकांना सुचवतो. काही पालक यास ठाम नकार देतात. "सर, जी जात बाबासाहेबांनी टाकायला सांगितली ती मी माझ्या हाताने पोराच्या नावापुढे लिहू?" असे एका वडिलांनी मला विचारले होते. प्रश्न रास्त आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. माझे उत्तर इतिहासाच्या शिक्षकाचे आहे. धर्माचा रकाना आपली श्रद्धा सांगतो. जातीचा रकाना आपल्यावर झालेल्या अन्यायाची नोंद सांगतो. नोंद पुसली म्हणून अन्याय पुसला जात नाही. फक्त त्याची भरपाई मागण्याचा पुरावा जातो. हे पटले नाही तरी त्या वडिलांचा आदर कमी होत नाही. त्यांनी इतर पुरावे अधिक काळजीने गोळा करून ठेवावेत, इतकेच.

इतर पुरावे कोणते? गावच्या प्राथमिक शाळेतील प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा हा सर्वांत उपयोगी. आजोबा शाळेत गेले नसतील तर चुलत आजोबा गेले होते का, ते पाहावे. वडिलांकडील रक्ताचे नाते असले पाहिजे. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी, म्हणजे ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो, ते पाहायला मिळते. त्याची नक्कल रीतसर अर्ज करून मिळते. महार वतनाची जमीन असेल तर जुने सातबारा आणि फेरफार कामी येतात. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने संपुष्टात आली, पण वतनाच्या नोंदी कागदावर राहिल्या. ज्या हाडकी-हाडवळ्याच्या जमिनीने आपल्या पूर्वजांना गावाच्या गुलामीत बांधून ठेवले, तिचाच उतारा आज पणतूला अभियांत्रिकीची जागा मिळवून देतो. यातील काही नोंदी मोडी लिपीत असतात. त्यांचे देवनागरी लिप्यंतर जाणकाराकडून करून घ्यावे लागते. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी मोडी शिकले तर समाजाची मोठी सोय होईल, हे जाता जाता सांगून ठेवतो.

जातीचे प्रमाणपत्र प्रांत कार्यालयातून, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडून मिळते. अर्ज सेतू किंवा आपले सरकार सेवा केंद्रात होतो. अकरावीला हे पुरते. पुढे व्यावसायिक अभ्यासक्रमाला मात्र जात वैधता प्रमाणपत्र लागते, ज्याला सगळे 'व्हॅलिडिटी' म्हणतात. खोट्या प्रमाणपत्रांवर खऱ्या हक्कदारांच्या जागा बळकावल्या जाऊ लागल्या, तेव्हा १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात पडताळणीची पद्धत घालून दिली आणि पुढे राज्याने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. म्हणजे ही पडताळणी मुळात आपल्या रक्षणासाठी आहे. आपली मुले तिच्याकडे उशिरा वळतात म्हणून ती आपल्यालाच अडवते. नाशिक जिल्ह्यासाठी पडताळणी समितीचे कार्यालय नाशिक-पुणे रस्त्यावरील सामाजिक न्याय भवनात आहे. आपल्याकडे सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर भागातील आदिवासी मुलेही शिकतात. त्यांची पडताळणी वेगळ्या समितीकडे होते, हे त्यांच्या पालकांनी लक्षात ठेवावे.

वैधतेचा अर्ज अकरावीत असतानाच, महाविद्यालयाच्या शिफारशीसह करावा. अर्जासोबत वंशावळीचे शपथपत्र द्यावे लागते. हा अर्ज बारावीच्या निकालानंतर करणारा विद्यार्थी प्रवेशाच्या फेऱ्यांशी शर्यत लावत असतो आणि ही शर्यत तो बहुधा हरतो. अर्ज केल्याची पावती काही वर्षी ठरावीक मुदतीपुरती ग्राह्य धरली जाते, पण तीवर विसंबणे धोक्याचे. याउलट वडिलांना, सख्ख्या काकांना किंवा आत्याला वैधता मिळालेली असेल तर काम बरेच सोपे होते. माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती याच ठिकाणी आहे. तुमच्यापैकी अनेकांनी नोकरीसाठी वैधता काढली आहे. तिची एक प्रत भावाच्या घरी, चुलत्यांच्या घरी, गावाकडे देऊन ठेवा. पुण्या-मुंबईत कपाटात पडलेल्या त्या एका कागदावाचून गावातल्या पुतण्याला दोन वर्षे खेटे घालावे लागतात, असे घडते.

आता तारखेविषयी. नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे अनुसूचित जातीच्या एका विद्यार्थ्याचे प्रकरण आले. त्याला आयआयटी मुंबईत जागा मिळाली होती, पण कार्डाच्या तांत्रिक अडचणीमुळे शुल्क वेळेत भरले गेले नाही आणि जागा गेली. न्यायालयाने त्याला जागा देण्याचा आदेश दिला. सप्टेंबर २०२४ मध्ये तसेच दुसरे प्रकरण आले. उत्तर प्रदेशातील एका रोजंदारी मजुराचा मुलगा, आयआयटी धनबादची जागा, साडेसतरा हजार रुपये शुल्क. २४ जून रोजी सायंकाळी पाचला मुदत संपत होती. घरच्यांनी पैसे जमवेपर्यंत पाचाला काही मिनिटे उरली होती आणि भरणा पूर्ण झाला नाही. ३० सप्टेंबरला न्यायालयाने त्यालाही न्याय दिला. या दोन्ही निकालांचा आपल्याला अभिमान वाटावा. पण त्यातून आपण वेगळाच अर्थ घेऊ नये. दोन मुले दिल्लीपर्यंत पोहोचली म्हणून त्यांची कहाणी आपल्याला कळली. जी पोहोचली नाहीत त्यांची मोजदाद कोठेही नाही. शुल्काची पहिली रक्कम ही कुटुंबाच्या हाती निकालाआधीच असली पाहिजे, ती भिशीतून असो, बचत गटातून असो वा मामाकडून उसनी. आणि ती शेवटच्या दिवशी नव्हे, दोन दिवस आधी भरली पाहिजे. सायबर कॅफेतील गर्दी आणि बंद पडणारे संकेतस्थळ यांना आपली तारीख ठाऊक नसते.

मुदत पाळण्याचा धडा बाबासाहेबांच्या चरित्रातही आहे, आणि त्याकडे आपल्या भाषणांत फारसे लक्ष जात नाही. १९१३ साली बडोद्याच्या महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. त्यासाठी बडोदा संस्थानाची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार त्यांना करून द्यावा लागला होता. १९१६ मध्ये लंडनला जाताना त्यांचे कोलंबियाचे प्राध्यापक सेलिग्मन यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या प्राध्यापक फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी पत्र लिहिले. म्हणजे शिफारसपत्राची किंमत त्यांना ठाऊक होती. पुढे १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. असा विद्यार्थी निराश होऊन नुसता जहाजात बसला असता तर आश्चर्य वाटले नसते. बाबासाहेबांनी निघण्यापूर्वी लंडन विद्यापीठाकडून ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत अभ्यास पुन्हा सुरू करण्याची परवानगी मिळवली. मग सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी केली, पैसे साठवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून कर्ज घेतले, आणि १९२० मध्ये ते लंडनला परतले, म्हणजे मुदतीच्या आत. १९२३ मध्ये डी.एस्सी. झाली. त्या परवानगीच्या कागदाशिवाय हे कसे घडले असते, याचा विचार नववी-दहावीच्या मुलांना मी वर्गात करायला लावतो. ज्या मुलाला घरच्या अडचणीमुळे वर्ष सोडावे लागते, त्याने नुसते गैरहजर राहू नये. अर्ज द्यावा, पोच घ्यावी, परतीचा रस्ता कागदावर ठेवावा.

पैशाविषयी थोडक्यात सांगतो, कारण योजनांचे तपशील आणि रकमा बदलत असतात. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून आहे. तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. आज तिचा अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर दरवर्षी नव्याने करायचा असतो आणि रक्कम आधार जोडलेल्या बँक खात्यात येते. खाते विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचे हवे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे. परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. ती आपल्या मुलांसाठी नाहीच, असा एक समज समाजात आहे, तो मोडला पाहिजे. काही महाविद्यालये शिष्यवृत्तीधारकाकडूनही आधी पूर्ण शुल्क मागतात. अशा वेळी घाबरून परत यायचे नाही. मागणी लेखी मागावी आणि समाजकल्याण कार्यालयात जावे.

अकरावीचे प्रवेश २०२५-२६ पासून संपूर्ण राज्यात ऑनलाइन झाले आहेत. अर्जात दहापर्यंत महाविद्यालयांचा पसंतीक्रम देता येतो. मुले मैत्रिणीने किंवा मित्राने जे लिहिले तेच क्रमाने लिहितात. हा क्रम गंभीर आहे. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले की ते घ्यावेच लागते. नाकारले तर पुढील नियमित फेऱ्यांतून विद्यार्थी बाहेर पडतो. म्हणून पहिल्या क्रमांकावर तेच लिहावे जेथे खरोखर जायचे आहे आणि जेथे राहण्याची सोय होऊ शकते. नाशिक शहरात के.टी.एच.एम. किंवा एच.पी.टी.-आर.वाय.के. सारखे नामांकित महाविद्यालय मिळाले, पण वसतिगृह नाही, खोलीचे भाडे परवडत नाही आणि चांदवडहून रोज एस.टी.ने येणे-जाणे आहे, तर पहिल्या सहामाहीतच मूल गळते. विशेषतः मुलींच्या बाबतीत राहण्याची जागा आधी ठरवावी आणि महाविद्यालय नंतर. हे मत काहींना पटणार नाही, पण अर्धवट शिक्षण सोडून घरी आलेल्या मुलींची लग्ने किती घाईने लावली जातात ते मी पाहिले आहे.

शाखेविषयी माझे एक गाऱ्हाणे आहे. आपल्या पालकांच्या डोळ्यांसमोर डॉक्टर, इंजिनीअर आणि फार तर बी.एड. एवढ्याच तीन वाटा असतात. कायदा, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, समाजकार्य, भाषा यांचा उल्लेख केला की घरात शांतता पसरते. स्वतः बाबासाहेबांनी अर्थशास्त्र आणि कायदा निवडला, हे आपण विसरतो. केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी २०२२ पासून सामाईक प्रवेश परीक्षा आहे. तिचा आणि राज्याच्या सीईटीचाही अर्ज बारावीच्या निकालाची वाट पाहत नाही. निकाल लागेपर्यंत या अर्जांच्या मुदती उलटून गेलेल्या असतात. हैदराबाद, दिल्ली, वर्धा येथील विद्यापीठे आपल्या मुलांसाठीही आहेत. आणि ज्यांना कामधंदा सोडणे शक्य नाही त्यांच्यासाठी १९८९ पासून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आपल्या नाशिकमध्येच आहे. त्यातून पदवी घेतलेल्या कोणीही ती दुय्यम मानू नये.

शाळेच्या बाजूने जे काम व्हावे असे मला वाटते ते नववीत सुरू होते. प्रत्येक मुलाच्या नावाची एक फाईल असावी. जनरल रजिस्टर, आधार आणि जन्मदाखला यांतील नाव, आईचे नाव, जन्मतारीख, धर्म आणि जात ही सर्व अक्षर न् अक्षर ताडून पाहावीत. 'गायकवाड' कोठे आणि 'गायकवाड़' कोठे, 'सिद्धार्थ' कोठे आणि 'सिध्दार्थ' कोठे, हे पाहणे कंटाळवाणे आहे. पण नोंदीतील दुरुस्ती विद्यार्थी शाळेत शिकत असतानाच, पुराव्यासह आणि शिक्षणाधिकाऱ्यांच्या मान्यतेने होते. दाखला घेऊन गेल्यावर ती फार अवघड होते. दहावीच्या बोर्डाच्या अर्जात जे नाव जाते तेच गुणपत्रिकेवर येते आणि आयुष्यभर चालते. दिवाळीच्या सुट्टीत मूल घरी जाते तेव्हा त्याच्या हाती एक काम द्यावे : आजोबा किंवा गावातील वडीलधाऱ्या माणसाजवळ बसून वंशावळ लिहून आणणे, आणि त्यातले कोण कोणत्या शाळेत शिकले ते विचारणे. मुले हे काम आवडीने करतात. काहींना पणजोबा काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाला गेले होते हे याच निमित्ताने पहिल्यांदा कळते.

आपल्या शाळेची सुरुवातीपासूनची जनरल रजिस्टरे कार्यालयातील लोखंडी कपाटात आहेत. ज्या माजी विद्यार्थ्यांना स्वतःच्या, भावंडांच्या किंवा मुलांच्या कामासाठी निर्गम उतारा हवा असेल त्यांनी साधा अर्ज, आधारची प्रत आणि शाळा सोडल्याचे अंदाजे वर्ष लिहून आणावे. वर्ष आठवत नसेल तर वर्गशिक्षकांचे नाव आठवले तरी चालते. त्यावरून आम्ही रजिस्टर शोधून काढतो.